घर बघायला येणारी बाई

चिखलोलीच्या फ्लॅटवर जायचं हरिचंद्रने तीन वर्षं टाळलं होतं. त्या रविवारी तो निघाला, तोही सोसायटीच्या सेक्रेटरीने तिसऱ्यांदा फोन केला म्हणून. खालच्या घराच्या छताला ओल आली होती आणि पाणी वरून, म्हणजे हरिचंद्रच्या फ्लॅटमधून झिरपत होतं.

"भाडेकरू ठेवलेत म्हणजे झालं का, काका? मालकाने मधून मधून येऊन बघायला नको?" सेक्रेटरी जरा तिरकसच बोलला.

शिवमंदिराजवळच्या घरून त्याने रिक्षा केली. दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन होतं, रस्त्याला माणसांची वर्दळ होती. नव्या इमारतींच्या मधून अजून एखादा शेताचा बांध दिसायचा. त्यातलंच एक शेत त्याच्या घरचं होतं. ते बिल्डरला दिलं आणि त्याबदल्यात तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट मिळाला.

दार राजसीने उघडलं. ती, तिचा नवरा यज्ञेश आणि चार वर्षांची जिज्ञासा असं तिघांचं बिऱ्हाड. एजंटने लावून दिलेलं. हरिचंद्रने त्यांना करारावर सही करताना पाहिलं होतं, तेवढंच. यज्ञेश सुट्टी असून कामावर गेला होता.

"या ना काका," राजसी म्हणाली. "पण परवाच तर बघून गेल्या की तुमच्याकडच्या बाई."

"कोण बाई?"

"दर महिन्याला येतात त्या. तुम्हीच पाठवता ना?"

हरिचंद्र सोफ्याच्या कडेवर बसला. त्याने कोणालाच पाठवलं नव्हतं. पण ते लगेच सांगावंसं त्याला वाटलं नाही.

"काय करतात येऊन?"

"काही नाही. 'घर बघायला आले' एवढंच म्हणतात. भिंतींवरून हात फिरवत चालतात. ओल आहे का बघतात बहुतेक. मग मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या, ही खोली रिकामी ठेवा. मालकांचंच म्हणणं असेल असं वाटलं आम्हाला. आम्ही तिघं हॉलमध्येच झोपतो."

"दिसायला कशा आहेत?"

"उंच. सडपातळ. कपाळावर मोठं गोंदण. आणि डावा पाय जरा ओढत चालतात."

असं गोंदण आणि असा पाय हरिचंद्रने आयुष्यात एकाच बाईचा पाहिला होता. ती पुतळाबाई, त्याच्या मोठ्या भावाची, नाथाची बायको. नाथा गेल्यावर ती या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. तिच्याच आग्रहाने घर तिच्या आणि हरिचंद्रच्या नावावर झालं होतं. ती अधूनमधून फोन करायची. "भावोजी, मागच्या खोलीत पाणी येतं. एकदा येऊन बघून जा." तो म्हणायचा, पुढच्या रविवारी येतो. चिखलोली काही लांब नव्हती. रिक्षाने वीस मिनिटं. पण त्या पावसाळ्यात कुठलाच रविवार त्याला सापडला नाही. वहिनी त्या ओल्या फरशीवर घसरली आणि उठू शकली नाही. पाचव्या दिवशी दार तोडलं, तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती. तोंड दाराकडे.

दिवस केले, फरशी बदलली, किल्ली एजंटला दिली. भाडेकरूंना यातलं काही सांगितलं नाही. त्यानंतर हरिचंद्रने इथे पाऊल टाकलं नव्हतं.

"परवा… त्या गेल्या कधी?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी असेल. मी कुकर लावत होते…" राजसी बोलता बोलता थांबली. ती आठवायचा प्रयत्न करत होती. "त्याच्या आधीच्या वेळी मी कपडे काढायला गॅलरीत होते. त्याच्या आधी…" तिचा आवाज एकदम खाली आला. "काका, त्यांना येताना मी दर वेळी बघते. जाताना मी त्यांना कधी… एकदाही नाही बघितलं."

जमिनीवर चित्र रंगवत बसलेल्या जिज्ञासाने मान वर केली नाही.

"आजी जातच नाहीत," ती म्हणाली. "परवाची पण आत आहे. सगळ्या आहेत."

"सगळ्या म्हणजे?"

"भिंतीला टेकून बसल्यात."

राजसीने मुलीला उचलून कडेवर घेतलं. मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. हरिचंद्र उठला. दाराशी जाईपर्यंत त्याला वास आला. माक्याच्या तेलाचा. घाण वास नव्हता तो. चांगला, ओळखीचा, घरातल्या माणसाच्या केसांचा वास होता.

त्याने दार ढकललं. खोली रिकामी होती. खिडकीतून ऊन सरळ फरशीवर पडलं होतं. पण भिंतींवर डाग होते. रोज एकाच जागी डोकं टेकून बसलं की भिंतीला तेलाचा काळपट गोल डाग पडतो, तसे. एकाशेजारी एक, खांद्याला खांदा लावून माणसं बसावीत तेवढ्या अंतरावर. सगळे एकाच उंचीवर. ही भिंत संपली की पुढची, मग तिच्या पुढची. मोजायची त्याची छाती झाली नाही. दाराजवळचा शेवटचा डाग अजून ओला होता. त्यातून तेलाचा बारीक ओघळ खाली उतरत होता.

त्याने दार ओढून घेतलं आणि उभ्या उभ्याच राजसीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मुलीचं डोकं तिने खांद्यावर दाबून धरलं होतं.

"अडीच वर्षं मी या पोरीला घेऊन राहतेय इथे," ती म्हणाली. "एकदा जरी येऊन बघितलं असतं, काका."

वहिनीही हेच म्हणायची. फक्त आवाज दुसरा. हरिचंद्रला मान वर करता आली नाही.

अंधार पडायच्या आत यज्ञेश टेम्पो घेऊन आला आणि ते बिऱ्हाड बदलापूरला त्याच्या बहिणीकडे गेलं. सामान खाली उतरवायला हरिचंद्रने हात लावला होता.

पुढे त्याने पाइप बदलून घेतला, भिंती खरवडून नवा रंग दिला. खोलीत वहिनीच्या नावाने दिवा लावला, हात जोडून माफी मागितली. घर पुन्हा कोणाला दिलं नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. पहिल्या महिन्यात गेला, भिंती कोरड्या होत्या. दुसऱ्या महिन्यातही कोरड्या. तेव्हा त्याला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

तिसऱ्या खेपेला तो सकाळी दहालाच पोचला. कुलपात किल्ली फिरली. दार मात्र हललं नाही. त्याने खांद्याने रेटून पाहिलं. आतून कडी होती.

शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. हरिचंद्र किल्ली धरून तसाच उभा राहिला. मग फरशीवरून पाय ओढल्याचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला.

"कोण?" आतून हलक्या आवाजात विचारलं.

त्याने तोंड दाराजवळ नेलं.

"मी… हरिचंद्र. घर बघायला आलोय, वहिनी."



"भावोजी तर मघाच आलेत," आवाज म्हणाला. "आत बसलेत."

मागच्या खोलीतून कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं हरिचंद्रने ओळखलं. स्वतःचं कोण ओळखणार नाही?

"थांबा," आतला आवाज म्हणाला, "त्यांना विचारून उघडते."