ओनोराची आई कोण?

पावसात, चर्चमागच्या दफनभूमीत, तो गुडघ्यांवर बसून दात घासायच्या ब्रशने एक थडगं घासत होता. पाणी त्याच्या कॉलरमधून थेट आत चाललं होतं.

"अहो, तो तुमचा कुणी नाही!" मी भिंतीपलीकडून ओरडले. "इथला जुना पाद्री आहे तो. जन्मभर ब्रह्मचारी होता बिचारा."

तो वळला. "मग माझी माणसं कुठे आहेत?"

"त्यासाठी माझ्या ऑफिसात यावं लागतं. तिथे छप्परही आहे."

तो हसला... आणि मी तिथेच गारद झाले.

माझं काम हेच. आयर्लंडमधल्या आमच्या क्लेअर परगण्यातून जहाजाने गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं येतात आणि मी त्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदींतून त्यांचं घर शोधून देते. हा ऑस्ट्रेलियातला मेंढ्या पाळणारा क्लेम हॅनरहॅन. त्याची खापरपणजी ओनोरा बटाट्याच्या दुष्काळानंतर एकटीच निघून गेली होती. मार्चमध्ये क्लेमचे वडील वारले. जाताना म्हणाले, "मला तिच्या आईबापांशेजारी ठेव. तिला परतता आलं नाही, आपल्यातलं कुणीतरी परतू दे." त्यांची रक्षा त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होती.

आम्हाला ओनोरा सापडली. बाप थॅडी, आई मेरी. वय जुळत होतं, थडगंही सापडलं. चर्चच्या फादरनी तिथे रक्षा पुरायला शनिवार दिला. तरी क्लेम रोज ऑफिसात यायचा.

"एक शंका होती..."

"विचार."

"तू दुपारी कुणाबरोबर जेवतेस?"

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही समुद्राच्या कठड्यावर चिप्स खात बसलो होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, आणि दोघांपैकी कुणीच सरकत नव्हतं.

"डर्व्हला, समज आपल्याला मुलगी झाली..."

"आपल्याला?"

"समज म्हटलं ना! तर नाव काय ठेवायचं?"

"त्यात ठेवायचं काय? आमच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. म्हणजे माझ्या आईचं, कॉन्सेप्टा."

"अरे देवा! पोरगी शाळेत रोज रडेल."

"रडू दे. इथे हे कुणी मोडत नाही. परदेशी गेलेल्या बायकांनीही नाही मोडलं."

"असं? म्हणजे ओनोराची थोरली विनिफ्रेड आजीच्या नावाची होती तर..."

तो हसत होता. माझं हसू तोंडातच राहिलं. तो ओनोराच्या मुलाच्या वंशातला, त्यामुळे थोरल्या मुलीचा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता. आणि आम्ही शोधलेल्या ओनोराची आई होती मेरी, विनिफ्रेड नव्हे.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. त्याचे वडील इथे राहिले असते, म्हणजे तोही येत राहिला असता. मला तो हवा होता — फार हवा होता. पण लबाडी करून त्याला धरून ठेवायचं, आणि तेही त्याच्या मेलेल्या बापाच्या जिवावर? माझ्याच्याने ते होईना.

"क्लेम... ही तुझी ओनोरा नाही."

मी कारण सांगितलं. त्याने उरलेल्या चिप्स कागदात गुंडाळल्या.

"उद्या सांगितलं असतंस तर?"

"उशीर झाला असता."

"मला चाललं असतं गं."

"तुला चाललं असतं. त्यांना?"

दुसऱ्या दिवशी तो उत्तरेकडच्या मेयो परगण्यात शोधायला गेला. विनिफ्रेड हे नाव तिकडे घरोघरी. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, आणि आवाज रोज थोडा थकलेला असायचा. तिकडच्या बहुतेक चर्चमधल्या नोंदीच ओनोरा गेल्यानंतर सुरू होतात. पुढे वाटच नव्हती.

तो परत आला तो निरोप घ्यायला. लोकर कापायचा हंगाम तोंडावर आला होता आणि तिकडे आई एकटी होती.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"माझ्या आईला कुणावर सोडू? तिला जिनासुद्धा चढवत नाही आता."

त्याने पुन्हा विचारलं नाही. पिशवीतून रक्षेचा डबा काढून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. "यांना परत विमानात घालायचं माझ्या जिवावर येतंय. पण इथे यांचं कोण आहे?"

आईने त्याच्यापुढे चहा सरकवला. "आमच्या माणसाशेजारी जागा आहे. फार बडबड्या होता तो, यांना कंटाळा येणार नाही. फक्त डावी बाजू सोड, ती माझी."

तो रडला. मीही रडले. आईने आम्हा दोघांना बिस्किटं वाढली.

माझ्या बाबांच्या कबरीपाशी फादरनी प्रार्थना म्हटली. पहिली मूठ माती घरच्या माणसाने टाकायची असते.

"घरचं माणूस कोण?" त्यांनी विचारलं.

क्लेमने वाकून माती उचलली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. "ही."

फादर माझ्याकडे बघत राहिले. मी होकारार्थी मान हलवली आणि माती टाकली.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

"माझंही आहे," मी म्हणाले. "जा आता... बस चुकेल."

तो गेला. मी माती सारखी करायला मागे राहिले.