आतली कडी

दिवा नको लावूस, राहू दे. गच्चीवर वारं चांगलं आहे, आणि ही हकिगत सांगताना तुमचे चेहरे मला दिसले नाहीत तर बरंच. भुताची गोष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो, मी स्वतः तिला भुताची म्हणत नाही. काय म्हणायचं ते शेवटी तुम्हीच ठरवा. ज्याच्यावर हे गुदरलं तो माणूस चार गल्ल्या पलीकडे राहतो. हा अंगातला शर्ट परवाच त्याच्याकडून आणलाय.

त्याला सगळे इस्त्रीवालाच म्हणतात. मोठी जड कोळशाची इस्त्री, एक हातगाडी आणि जिन्याखालची जागा, एवढाच त्याचा पसारा. माणूस कामाला चोख. मी त्याला म्हणायचो, अख्ख्या गल्लीच्या सुरकुत्या काढल्यास आणि सगळ्या स्वतःच्या कपाळावर घेतल्यास. तेव्हा हसायचा. नंतर नंतर हसेनासा झाला.

बायको तापानं गेली. चार दिवसांत. मागे पाच वर्षांची पोर. आणि हा दारूला लागला. एका रात्री पोरीला घरात झोपवून, बाहेरून कुलूप लावून गेला, तो उजाडल्यावरच परत आला. तोवर शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं होतं. पोर रात्रभर आतून दार ठोकत होती. शेजाऱ्यांना वाटलं, कुठेतरी सुतारकाम चाललंय. पहाटे आवाज बसला, तेव्हा कुणाच्या तरी काळजात धस्स झालं.

पोरीला बालगृहात नेलं. त्या दिवसापासून यानं थेंबाला हात लावला नाही. पण गेलेला विश्वास काय, इस्त्री फिरवून सरळ होतो? दीड वर्ष हेलपाटे घातले, तेव्हा कुठे बालगृहाच्या तपासणीच्या बाई घर बघायला आल्या. बघितलं आणि म्हणाल्या, "भिंतीला ओल आहे. खिडकीला काच नाही. आणि मुलगी मोठी होतेय, तिला पडद्यामागे झोपवणार? तिला खोली हवी, खोलीला दार हवं. पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला येते. तेव्हा नसेल, तर पुढचा विचार वर्षभर नाही."

आठ दिवस होते हातात. गवंडी लावायची ऐपत नाही, सुताराची तर नाहीच. मग हाच गवंडी, हाच रंगारी. दिवसा इस्त्री, रात्री भिंत. ओलीचं प्लास्टर स्वतः खरवडलं, हाताची सालं गेली. मी वायरमन असल्यानं घरोघरच्या कामावरून उरलेले रंगाचे डबे आणून दिले. चार डबे, चार रंग. यानं सगळे एकत्र ढवळले आणि एक गंमतशीर रंग झाला, ना पिवळा ना गुलाबी. म्हणाला, "चालेल वायरमन. पोरगी म्हणेल, हा रंग दुसऱ्या कुणाकडेच नाही." काच बसली, खाट आली. लोकांनी कधीच न नेलेल्या चादरी जोडून गादीला खोळ शिवली. राहिलं फक्त दार. आणि खिशात राहिलं होतं जेमतेम.

तो गुरुवार होता. नोव्हेंबरमधला दुसरा गुरुवार, पाच वर्षांपूर्वीचा. संध्याकाळी सातला तो हातगाडी घेऊन जुन्या सामानाच्या गोदामात गेला. पाडलेल्या घरांची दारं तिथे भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. त्याच्या मापाची तीन होती. दोन त्याला परवडण्यासारखी नव्हती. तिसरं चांगलं, भरीव लाकडाचं, पण एकदम स्वस्त. यानं विचारलं, "हे एवढ्यात कसं?"

गोदामवाला म्हणाला, "उलटं आहे ते. आतून कडी नाही, बाहेरूनच आहे. लोकांना आवडत नाही. तुम्ही काढा आणि फिरवून लावा, पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम.

दार बसवायला मीच हात लावला. तासून, बिजागऱ्या ठोकून साडेदहा वाजले. बाहेरची कडी तेवढी निघेना. भलीमोठी लोखंडी कडी, सहा स्क्रू, सगळे गंजून लाकडात मुरलेले. मी म्हटलं, "सकाळी बघू. आता पाठ टेक." तो म्हणाला, "सकाळी नक्की ये. ही कडी बाईंना दिसता कामा नये. बाहेरून कडी... आणि माझ्या घरात..." मी घरी आलो.

आता इथून पुढचं त्यानं मला सांगितलेलं. एकदाच सांगितलं.

खिडकीची काच ताजी बसवलेली, तिच्या कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, अजून ओली. वारा सुटला होता. दार आपटलं तर काच जायची, म्हणून यानं दार ओढलं आणि ती बाहेरची कडी घातली. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवा झाला. घड्याळात अकरा चाळीस.

ठक. ठक. ठक.

त्याला वाटलं, शेजारी. उठून बाहेरचं दार उघडलं. गल्लीत कुणी नाही. परत येऊन बसला.

ठक. ठक.

आवाज नव्या दारातून येत होता. आतून. आणि वरून नाही... खालून. माणूस ठोकतो तिथून नाही. गुडघ्याच्या थोडं वर.

यानं कडी काढली. आत कुणी नाही. दिवा लावून पाहिलं. खाट, गादी, तो गंमतशीर रंग. खाटेखाली वाकून पाहिलं. काही नाही. मग त्यानं दार उघडंच ठेवलं, खाली वीट लावली आणि पाठ फिरवली. दोन पावलं गेला असेल. मागे वीट फरशीवर घासत सरकली. दार मिटलं. आणि कडी... ती जड, गंजकी कडी... आपोआप बसली. बाहेरून.

मग ठक, ठक, ठक.

साडेबारा वाजता माझा फोन वाजला. तो एवढंच म्हणाला, "वायरमन, ते दार..." त्याचा आवाज कापत होता. आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "प्यालास का रे?"

फोन कट.

पोरांनो, आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केलाय. पण तो प्रश्न मला अजून झोपू देत नाही. कारण त्यानंतर तो कुणाला हाक मारणार? शेजाऱ्यांना उठवलं तर तेही हेच म्हणणार. सकाळी बाई गल्लीत शिरल्या की आधी तेच त्यांच्या कानावर जाणार. रात्री एक वाजता रिकाम्या खोलीतून आवाज येतो म्हणणाऱ्या बेवड्याच्या हाती कोण पोर देईल? दार उखडून फेकावं, तर बिनदाराची खोली. पुन्हा एक वर्ष. पोरगी सात वर्षांची झाली होती. मागच्या भेटीत तिनं त्याला "अहो" म्हटलं होतं. सख्ख्या बापाला. आणखी वर्षभरानं काय म्हणाली असती?

तो सतरंजीवर कानांवर हात ठेवून बसला. आवाज हातांतून येत होता. आता नुसती टकटक नव्हती. तळहातानं मारल्यासारखं. मग नखांनी. मग बराच वेळ काहीच नाही. त्याला बरं वाटलं.

आणि दारामागून हळूच, नाक ओढत...

"आता शहाण्यासारखं वागेन."

मुलाचा की मुलीचा, कळण्याजोगा आवाज नव्हता. रडून बसलेला. तो मला म्हणाला, "वायरमन, पोरगी रात्रभर दार ठोकत होती, हे मला लोकांनी सांगितलं. मी तो आवाज ऐकलाच नव्हता. त्या रात्री ऐकला."

"उघडा ना... मी पाणी नाही मागणार."

तो ढसाढसा रडायला लागला. पळून जावं असं शंभरदा वाटलं. चपला पायात घातल्याही. बाहेरच्या दारापर्यंत गेला. आणि थांबला. एका रात्री असाच तो कुलूप लावून या उंबऱ्यातून गेला होता. दुसऱ्यांदा जायचं?

चपला काढल्या. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्या दारासमोर गुडघे टेकून बसला.

स्क्रू हलेनात. माथे झिजून गुळगुळीत. हत्यार निसटलं, तळहात फाटला. फडकं गुंडाळलं. पुन्हा. पुन्हा. शेवटी त्यानं शेगडी पेटवली, इस्त्रीत निखारे भरले. इस्त्री चांगली तापली तेव्हा तिचं टोक स्क्रूच्या माथ्यावर दाबून धरलं. तापलं की लोखंड जागा सोडतं. लाकूड जळल्याचा वास सुटला. पहिला स्क्रू कुरकुरला... फिरला.

आतली टकटक थांबली.

दुसरा निघाला. आत कुणीतरी दाराला कान लावून बसल्यासारखं वाटत होतं. श्वास ऐकू येत होता. लहान. भराभर.

तिसरा. चौथा.

पाचव्याला पावणेतीन झाले. सहावा काही केल्या सुटेना. तीन वेळा निखारे बदलले. हात भाजले. सुटला तेव्हा कडी खणकन् खाली पडली.

मग आतून...

"आता बाहेर येऊ?"

त्याची पाचावर धारण बसली. पण समजा त्याच्या पोरीनं असं विचारलं असतं, आणि बाप गप्प बसला असता?

"ये," तो म्हणाला.

दार उघडलं नाही. कुणी आलं नाही. तो वाट बघत राहिला. मग त्यानं स्वतःच दार ढकललं. खोली रिकामी. तीच कडी त्यानं उचलली, दाराच्या आतल्या बाजूला लावली. मुद्दाम खाली लावली, लहान हात पोहोचेल अशी. भाजलेल्या बोटांनी एकेक स्क्रू आवळला. आणि त्या रिकाम्या खोलीला म्हणाला, "आता कडी तुझ्या हातात. बाहेरून कुणी घालणार नाही. मी नाही, कुणीच नाही."

बाहेर आला. दार ओढून घेतलं. चार वाजून दहा मिनिटं.

आतून कडी सरकली. सावकाश. पहिल्यांदाच हाताळत असल्यासारखी.

...

मग त्यानं दार ढकललं. नाही. खांदा लावला. नाही. दहाला बाई येणार, आणि खोली आतून बंद, आत कुणी नाही! तो दारावर कपाळ टेकून विनवायला लागला. "माझी पोर यायची आहे रे. तिची खोली आहे ही. मी वाईट बाप आहे, कबूल. तिला शिक्षा नको. तू पण राहा हवं तर. तिला येऊ दे. एवढं एकच कर. एवढं एकच..."

तो बोलतच राहिला. बोलता बोलता कधी तिथेच डोळा लागला, त्याला कळलं नाही.

साडेआठला मी गेलो, तेव्हा तो खोलीच्या उंबऱ्याशी झोपला होता. दार सताड उघडं होतं.

दहाला बाई आल्या. भिंतीला हात लावून पाहिला, काच पाहिली. दार लावलं, उघडलं. वाकून कडीकडे बघितलं. "इतकी खाली?"

तो म्हणाला, "तिचा हात पोहोचावा म्हणून."

बाईंनी त्याच्या हातांवरचे फोड पाहिले. मग कागदावर सही केली.

तीन आठवड्यांनी पोर घरी आली. त्या खोलीत पहिल्या रात्रीपासून सुखानं झोपली, कधी दचकली नाही. काय म्हणालीस? दार कुठल्या घरातलं होतं? मी गेलो होतो ना गोदामात विचारायला. गोदामवाला म्हणाला, ट्रक भरून दारं येतात, घरं कोण लक्षात ठेवतं?

बस, एवढंच. आणि एक.

पोर आली त्या दिवशी यानं तिला त्या दाराच्या आतल्या बाजूला टेकवून उभं केलं आणि डोक्यापाशी पेन्सिलीनं रेघ मारली. दर वर्षी त्याच दिवशी मारतो. पाच रेघा झाल्या, एकीवर एक. पोरगी भराभर वाढतेय. मागच्या महिन्यात वायर बदलायला गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

शेजारी आणखी एक रेघ आहे. खूप खाली, कडीच्या जरा वर. त्यानं मारलेली नाही. पोरगी शपथेवर सांगते, मी पण नाही. ती रेघ पाच वर्षांत केसभरही वर सरकलेली नाही. दर वर्षी त्याच जागी पुन्हा मारली जाते...

नुसती जाड होत चाललीय.