साठ टक्क्यांचे दोन आकडे

सोमवारी साठ टक्के चार्ज असताना गाडीच्या पडद्यावर आकडा होता २३५ किलोमीटर. गुरुवारी चार्ज तेवढाच, साठ टक्के, आणि आकडा १३५. मधले शंभर किलोमीटर गेले कुठे, हे कोडं ऊर्मीला काही सुटेना.

गाडी घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऊर्मीची आई, डॉ. सुलभा, मेळघाटाच्या पायथ्याशी गुरांची डॉक्टर होती. पंधरा वर्षं तिने स्कूटरवरून गावं पालथी घातली होती. ही तिची पहिली चारचाकी; विजेवर चालणारी आणि विचारलं तर बोलणारी. सहावीची परीक्षा संपल्यापासून ऊर्मी आईबरोबर फिरायची आणि निघताना, पोहोचताना पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून ठेवायची.

रविवारी सकाळी तिने ती वही आईपुढे धरली.

"बॅटरीच खराब निघालीय," आई म्हणाली. "उद्या परत करून टाकते. आज एक सांगते, परवा दुसरंच. अशा गाडीच्या भरवशावर मी रानात जायचं कसं?"

ऊर्मीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, शेजारी चहा पीत बसले होते. वेधशाळेत त्यांनी चाळीस वर्षं पावसाचे अंदाज बांधले होते. "परत कर हवं तर," ते म्हणाले. "पण हा आकडा कुठून आणला, हे गाडीला कुणी विचारलंय का?"

ऊर्मी अंगणात गेली आणि तिने सरळ गाडीलाच विचारलं.

"तो माझा पल्ला आहे (उरलेल्या विजेवर किती अंतर जाता येईल ते)," गाडी म्हणाली. "बॅटरीत किती वीज आहे ते मी मोजते. पल्ला मात्र मला मोजता येत नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. मागच्या पन्नास किलोमीटरला किती वीज लागली ते बघते आणि पुढेही तेवढीच लागेल असं धरते."

ऊर्मी विचार करतच होती, तेवढ्यात आईचा फोन वाजला. पठारावरच्या गवळ्यांच्या वस्तीतून सायत्राबाई बोलत होत्या. त्यांची म्हैस पहाटेपासून अडली होती. रेडकाचा एकच पाय बाहेर आला होता.

आईने बॅग उचलली. रात्रभर गावात वीज नव्हती, त्यामुळे गाडी चार्ज झालेली नव्हती. पडद्यावर चार्ज बावीस टक्के आणि पल्ला ८६ किलोमीटर.

"वस्ती छत्तीस किलोमीटरवर. जाऊन-येऊन बहात्तर. होतंय," आई म्हणाली. आजोबा मागे बसले, ऊर्मी पुढे.

फाटकापाशी ऊर्मी म्हणाली, "आई, थांब जरा. काल संध्याकाळी आपण घाट उतरून आलो."

"मग?"

"गाडी कालच्या उतारावरून सांगतेय. आज आपल्याला चढायचंय." तिने वही उघडली. गेल्या तीन खेपांत घाट चढून वस्तीवर पोहोचायला गाडीने चोवीस, पंचवीस आणि तेवीस टक्के चार्ज खाल्ला होता. उतरताना लागले होते अवघे पाच-सहा टक्के.

आईने गाडी थांबवली. बावीस टक्क्यांत चोवीस बसत नव्हते.

"गाडीला रस्ता सांगितला तर?" आजोबांनी विचारलं.

आईने वस्तीचं नाव सांगितलं. "घाटातला हा रस्ता नवीन आहे. त्याची उंची माझ्या नकाशात नाही," गाडी म्हणाली. "चुकीचं सांगण्यापेक्षा माहीत नाही म्हणते."

घाटात चार्जिंगची सोय नव्हती. आईने गाडी वळवली आणि बाजाराजवळच्या सौर चार्जिंग केंद्रावर नेऊन लावली. सायत्राबाईंना फोन करून ती म्हणाली, "पंधरा मिनिटं उशीर होतोय. तोवर पाय ओढू नका कुणी. म्हशीला उभं ठेवा."

ती पंधरा मिनिटं आईला खुर्चीत बसवेना. ती केंद्राच्या छपराखाली फेऱ्या घालत राहिली. ऊर्मीने हळूच विचारलं, "आजोबा, चढाला एवढी वीज का लागते?"

"सोळा क्विंटलचं हे धूड सातशे मीटर वर उचलायचं, म्हणजे चेष्टा आहे का? ती वीज कुठे हरवत नाही. उंचीवर गेलेल्या गाडीत ती स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे वस्तूत साठलेली ऊर्जा) होऊन राहते. उतरताना चाकंच मोटर फिरवतात आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. सगळी नाही."

"म्हणजे गाडी खोटं बोलली नव्हती. सोमवारचा आकडा घाट उतरून आल्यावरचा, गुरुवारचा चढून गेल्यावरचा."

"नाही. तिला मागचं ठाऊक होतं, पुढचं नव्हतं. आम्हीही पूर्वानुमान (जुन्या नोंदींवरून बांधलेला पुढचा अंदाज) असंच करायचो. लोक विचारायचे, पाऊस पडणार का? कशावरून सांगताय, हे फारसं कुणी विचारायचं नाही."

चार्ज पंचेचाळीस टक्के झाला आणि ते निघाले. ऊर्मीने वहीत लिहिलं : वस्तीवर पोहोचताना एकवीस उरतील.

उरले एकोणीस.

"दोन चुकले," ती खट्टू होऊन म्हणाली.

"आज तीन माणसं आहोत, एसीही चालू होता," आजोबा म्हणाले. "तेही लिही. किती चुकलं आणि का, हे लिहिलं की पुढचा अंदाज जरा शहाणा होतो."

आई केव्हाच गोठ्यात शिरली होती. अडलेला पाय आत ढकलून रेडकू सरळ करायला तिला पाऊण तास लागला. ऊर्मी दाराशी गरम पाण्याची बादली धरून उभी होती. शेवटी ओलंचिंब रेडकू गवतावर आलं आणि बराच वेळ हललंच नाही. आईने त्याचं नाक पुसलं, बरगड्या चोळल्या. मग ते शिंकलं.

ऊर्मी बाहेर आली तेव्हा गाडीने विचारलं, "हा रस्ता मी नोंदवून घेतला. चढ किती, वीज किती लागली, सगळं. इकडे येणाऱ्या इतर गाड्यांना कळवू का?"

"कळव," ऊर्मी म्हणाली. "माणसांच्या दवाखान्याच्या गाडीला आधी."

तासाभराने रेडकू चारही पायांवर डगमगत उभं राहिलं आणि म्हशीच्या सडाला लागलं. सायत्राबाईंनी पदराने डोळे टिपले. "डॉक्टरीणबाई, जगंल ना हो हे?"

आई हात धूत होती.

"उभं राहिलंय, चीक पितंय," ती म्हणाली. "अशी दहा रेडकं मी पाहिली, तर त्यातली नऊ जगली. त्यावरून सांगते, जगेल. पण हा माझा अंदाज झाला, बाई. त्याला उबेत ठेवा, दर तीन तासांनी पाजा आणि उद्या सकाळी फोन करा. काय दिसतंय ते ऐकून मी पुन्हा सांगेन."

"उद्या तर तू गाडी परत करायला जाणार होतीस ना?" आजोबांनी विचारलं.

"उद्या फोन आला की बहुतेक मला इथे यायला लागेल, बाबा," आई म्हणाली आणि ऊर्मीकडे वळली. "किती टक्के चार्ज करून निघू, ते तू सांग."