लाल फडक्याचा बांबू

"बाई, तो बांबू सरकारी हाय. खाली ठेवा."

मागून आवाज आला तेव्हा मी गुडघाभर चिखलात होते आणि बांबू माझ्या खांद्यावर होता. वळून बघायचंही त्राण नव्हतं. सकाळपासून ओहोटीत वाकून चिखलातले शिंपले, आमच्या शिवल्या, वेचलेल्या, कंबर धरलेली, त्यात हा बांबू ओला आणि जड.

"सरकार मेलंय काय?" मी विचारलं.

"आं?"

"मेलं असंल तर परत लावते. नायतर घरी नेते."

बांधावर एक माणूस उभा होता. चाळिशीचा, सावळा, हातात मोजणीची साखळी. तो माझ्याकडे यायला म्हणून खाली उतरला आणि दुसऱ्याच पावलाला रुतला. तिसरं पाऊल उचललं ते बूट मागे ठेवून. मग तिथेच उभा राहिला — रागावावं की हाक मारावी, हे न ठरवता.

मी बांबूचं दुसरं टोक त्याच्यापुढे धरलं.

"धरा. सरकारीच हाय."

त्याने धरलं. मी ओढलं. बांधावर आल्यावर दोघंही धापा टाकत बसलो. नंतर पुष्कळदा वाटलं, आम्ही उभ्या उभ्या भेटलो असतो तर कदाचित आपापल्या वाटेने गेलो असतो. पण बसलो... आणि दमलेलं माणूस एकदा बसलं की लवकर उठत नाही.

"आता सांगा," तो म्हणाला, "का उपटला?"

मी सांगितलं. आमच्या गावात खाडीत उतरलेला माणूस वर आला नाही, तर घरचा पुरुष त्या जागी लाल फडक्याचा बांबू रोवतो. तो आपोआप पडेपर्यंत तिथे कुणी जाळं टाकत नाही, आणि त्या माणसाची बायको पाट लावत नाही, दुसरं लग्न करत नाही. पडला की सुटका, गेलेल्याची आणि राहिलेलीचीही. पण कुणी गेलेलं नसताना बांबू उभा राहिला तर बांबूच एखादा माणूस मागून घेतो, असं म्हातारी माणसं म्हणत. सकाळी तुमचं लाल फडकं दिसलं आणि सगळ्या बायका आपापला पुरुष शोधत सुटल्या. आमच्या शेजारच्या रंगूबाईने तर झोपलेल्या नवऱ्याच्या नाकाशी हात धरून बघितला. श्वास चालू होता, म्हणून त्याला शिव्या दिल्या.

तो हसला नाही. बांबूकडे बघत राहिला.

"आन ती जागा... कुणाची होती का?"

"माझ्या नवऱ्याची. गोटीरामची. बादली घेऊन बुडी मारायचा, रेती काढायला. त्याचा बांबू कवाच पडला."

त्याने बांबूचं फडकं सोडलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"इचारलं कोनाला?"

"त्ये बी खरंय," तो म्हणाला.

त्याचं नाव मानसिंग. साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. कचेरीत मोजणीदार होता आणि नेरूळला एक खोली घेऊन एकटाच राहत होता. बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं, असं त्याने नंतर एकदा सांगितलं. बस चुकली हे सांगावं तसं.

त्या सुमारास नेरूळला, कोपरखैरण्याला जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. इमारतींना रेती हवी होती. एका ठेकेदाराने आमच्या खाडीत बोटीवर पंप बसवून तळातून रेती ओढायची परवानगी मागितली होती. ती द्यायची की नाही हे ठरवण्याआधी कचेरीने पाहणी आणि सुनावणी ठेवली होती. मानसिंगने रोवलेले बांबू म्हणजे त्या जागेच्या हद्दीच्या खुणा. आणि त्या हद्दीत ओहोटीला वर येणारी वाळूची पाठ होती. त्या पाठीवर आम्ही बायका शिवल्या वेचत होतो आणि त्यावरच जगत होतो. पंप लागला की पाठ जाणार, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

माझी अडचण आणखी जवळची होती. माझा थोरला दीर नामा. इमारतींखाली भातशेती गेल्यावर त्याच्याकडे खाडीकाठचा, बोटी लागायचा धक्का तेवढा उरला होता, तो त्याने ठेकेदाराला वापरायला दिला होता. मी त्याच्याच घराच्या मागच्या खोलीत राहत होते.

मानसिंग म्हणाला, त्या जागी खूण तर ठेवावीच लागेल. मग आम्ही दोघांनी मिळून बांबू परत रोवला, फडक्याशिवाय. रंगूबाई लांबून बघत होती.

"पुतले," ती मला म्हणाली, "बांबू कोन लावतो गो?"

"घरचा पुरुष."

"मंग हा आता तुझ्या घरचा जाला."

"गप बस."

"मी गपच हाय. गाव गप बसंल तर बघ."

त्यानंतर ओहोटी लागली की तो मोजायला येई. एकदाच मोजून होण्यासारखं काम इतके दिवस कसं चाललं, ते मी विचारलं नाही. तो बांधावर बसे. मी टोपली उतरवून दोन हात अंतरावर बसे. खारा वारा यायचा, चिखलावर बगळे पाय उचलून उचलून चालायचे. आम्ही फारसं बोलत नव्हतो.

"आमच्याकडं पाणी टँकरनं येतंय," तो एकदा म्हणाला. "हितं आपलं आपण येतंय, आपलं आपण जातंय. नुसतं बघून दमायला हुतं."

"मंग बघता कशाला?"

"पाण्याकडं कोण बघतंय?"

मी टोपलीतल्या शिवल्या उगाच वरखाली केल्या.

एकदा मी त्याच्यासाठी उकडलेल्या शिवल्या नेल्या. त्याने एक उचलून तोंडात टाकली, शिंपल्यासकट, आणि दाढेखाली धरून माझ्याकडे बघितलं.

"बाई... दगड शिजवलाय का?"

कितीतरी वर्षांनी मी हसले. हसून पोटात दुखलं, इतकी सवय गेलेली. मग मी शिंपली उघडून आतलं मऊ त्याच्या तळहातावर ठेवलं. बोट त्याच्या हाताला लागलं. त्याने हात मिटला — आणि खायचं विसरला.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तो मोजायचं काहीच न घेता आला. खाडी भरत होती. बसला, खिशातलं लाल फडकं काढून कपाळ पुसलं, पुन्हा ठेवलं.

"पुतळाबाई, मला एक बोलायचं होतं —"

"आज नको."

"काय ते ऐकून तरी —"

"ऐकलं तर मना ठावं होईल. आन उद्या सायबानं इचारलं तर? नामादादा गावभर बोलत फिरतो, मोजनीवाला आन पुतळा एक हाय म्हनून. तुमचा नकाशा खोटा पडंल, माझं बोलनं खोटं पडंल, आन पाठ जाईल. उद्या मना खरं बोलता आलं पायजे."

पाणी बांबूच्या कमरेपर्यंत आलं होतं.

"मग मी आत्ता काहीच बोललो न्हाई," तो म्हणाला.

"काय बी नाय."

"आन तुमी काहीच ऐकलं न्हाई."

"नाय."

पण उठलं कुणीच नाही. अंधार पडायला लागल्यावर रंगूबाईने हाक मारली, तेव्हा उठलो.

सुनावणी शाळेत होती. साहेब टेबलामागे, गाव बाकांवर. आधी नामादादा बोलला. गावाचा फायदा, रस्ता, पोरांना कामं. वाईट बोलला नाही. त्यालाही जगायचंच होतं. मग साहेबांनी विचारलं, आणखी कुणाला काही म्हणायचंय? रंगूबाईने मला कोपर मारलं.

थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही आमची रीत. लग्न होऊन आल्यापासून मी त्याच्यासमोर एक शब्द बोलले नव्हते. म्हणून मी उठले, पदर घेतला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. पाठ करून बोललेलं चालतं की नाही, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

"सायेब, रेती आमची मानसं बी काढत होती. हातानं, बादलीनं. मानूस दम धरून जेवढा वेल खाली राहील, तेवढीच निघायची. दम संपला की वर यायचं, आन खाडी परत भरायची. माझा नवरा एकदा वर आला नाय, तरी मी खाडीला नावं ठेवली नाय. पन मशिनीला दम लागत नाय, सायेब. दमत नाय ते थांबंल कवा?"

मग मागून नामादादाचा आवाज आला.

"सायेब, हे तिचं बोलनं नाय. मोजनीवाल्यानं पढवलंय. त्या दोघांचं काय हाय ते गावाला माहीत हाय."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुमचा आणि मोजणीदारांचा काही संबंध आहे?"

"काय नाय," मी म्हटलं.

"मानसिंग?"

"नाही, साहेब."

दोघंही खरं बोललो. खरं बोलून अंगातली सगळी शक्ती जाते, हे मला त्या दिवशी कळलं. माझा जबाब लिहून झाला, मी अंगठा दिला, आणि त्याच्याकडे न बघता बाकावर जाऊन बसले. साहेब म्हणाले, निकाल नंतर कळवू. तोवर हद्दीचे बांबू कुणी हलवायचे नाहीत.

संध्याकाळी नामादादाने माझं बोचकं ओट्यावर ठेवलं. ओरडला नाही, नुसतं ठेवलं. मी ते उचलून रंगूबाईच्या पडवीत नेलं.

महिनाभरात मानसिंगची बदली झाली, जव्हारला. निरोप घ्यायला बांधावर आला तेव्हा बुटांऐवजी चपला घालून आला होता. चिखलाची तेवढी ओळख झाली होती.

"निकाल?" मी विचारलं.

"आजून न्हाई."

"मंग बोलू नका."

"न्हाई बोलत." तो काडीने चपलेचा चिखल खरवडत राहिला. "तो बांबू तेवढा बघा. आपोआप पडला तर पडू द्या."

"आन पडल्यावर?"

"सरकारी हाय. परत न्यायला यावं लागंल."

निकाल पुढच्या पावसाळ्याआधी लागला. आमच्या पाठीवर पंप लावायला परवानगी नाही. पलीकडे, खालच्या अंगाला मात्र दिली. तिथला पंप दिवसभर घरघरायचा. त्या बाजूच्या बायका आमच्या पाठीवर यायला लागल्या, आम्ही सरकून जागा दिली. शिवल्या सगळ्यांच्याच टोपलीत कमी झाल्या. पण पाठ राहिली.

बांबू काही पडेना.

"जरा धक्का दे की गो," रंगूबाई म्हणायची. "कोन बघतंय?"

"आपोआप पडाया पायजे."

"तू म्हातारी होशील."

"होईन."

त्याला कालवं चिकटली, शेवाळ आलं, एका अंगाला कलला. मी रोज ओहोटीला त्याच्या बाजूने जायची आणि हात न लावता परत यायची. मग काही वर्षांनी, दिवाळीच्या आगेमागे एका सकाळी तो चिखलात आडवा दिसला. मी टोपली तिथेच ठेवली आणि आधी बांबू खांद्यावर घेतला.

पडवीत आले तर रंगूबाईच्या ओट्यावर मानसिंग चहा पीत बसलेला. केस बरेच पांढरे झालेले. मला वाटलं उन्हाने भास होतोय.

"तुमाला कोनी सांगितलं?"

"कचेरीच्या कामाला ठाण्याला येतो अधनंमधनं. बसनं कोपरखैरण्याला उतरायचो, बांधावरनं बघायचो. उभा असला की परत जायचो. आज दिसला न्हाई."

मी रंगूबाईकडे बघितलं. ती बशी विसळण्यात फार गुंतली होती.

"तुला ठावं व्हतं?"

"तू खाडीत असताना चा मीच देत व्हते. तूच म्हनालीस ना, ऐकलं तर मना ठावं होईल म्हनून? मंग कशाला सांगू?" ती उठून आत गेली आणि भांडी जरा जास्तच वाजवायला लागली.

मी बांबू भिंतीला टेकवला. त्याने खिशातून लाल फडकं काढलं, विटून गुलाबी झालेलं, आणि माझ्यापुढे धरलं. मी हाताचा चिखल पुसला.

"न्या तुमचा बांबू," मी म्हटलं.

"नेतो. पण एक अडचण हाय. कचेरीत तुमचा जबाब पडून हाय. माझ्याशी संबंध न्हाई म्हणून."

"खोडून टाका."

"जबाब खोडता येत न्हाई, बाई. नवा द्यावा लागतो."

"कोनासमोर?"

"माझ्यासमोर दिला तरी... चालंल."

आतली भांडी वाजायची थांबली. मी पदर सारखा केला. या वेळी पाठ केली नाही.

"संबंध हाय," मी म्हटलं. "ल्ह्या."

"ल्हितो," तो म्हणाला. त्याच्याकडे कागद नव्हता, पेन नव्हतं. "आधी बसा जरा. दमलात."

"तुमी बी."

तो ओट्यावर सरकला. मी बसले, आणि या वेळी मध्ये दोन हात अंतर ठेवलं नाही.