संशोधक म्हणून एक नाव

प्रयोगशाळेत दोन टेबलं होती, एक तराजू, सतरा परीक्षानळ्या, आणि कोपरापर्यंत हळदीनं पिवळा झालेला एक माणूस.

"मालकांची खोली...?" विजयमाला दारातच थबकली.

"पलीकडं. मुलाखतीला आलाय न्हवं? बसा. मी आकाराम, हळद तपासतो."

"मी एम.एस्सी. दहिवडीची."

"एवढं शिकून माण तालुक्यातनं सांगलीला... पिवळं व्हायला?"

ती हसली. ही तिसरी मुलाखत. इथंही नकार आला, तर गावच्या शाळेत शिकवायचं ठरलेलं होतं. प्रयोग मग कायमचे सुटले.

तेवढ्यात मालकांनी आकारामला हाक मारली. मधली भिंत लाकडी फळ्यांची. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हे बघ, संशोधनाच्या खर्चावर सरकार करात सूट देतंय. दिल्लीला संशोधकाचं नाव कळवायचं. तुझंच लावतो. नवं माणूस कशाला? पगार बी वाढवतो तुझा. कर सही."

विजयमालेनं पिशवी उचलली. झालं!

"आवं लालासाहेब," आकाराम म्हणाला, "हळद चांगली का भेसळीची, एवढं मी सांगतो. पेवात तिचा रंग का उतरतो, ते मला कुठं ठावं? ज्यांना शोधता येतंय, त्या पलीकडं बसल्यात. त्यांचं नाव लावा की."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मालक म्हणाले, "बोलव त्यांना आत."

हे १९७५ साली. पुढं वर्षभर दोघं नमुने आणायला हरिपूरला जात. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं खोल कोठार. आत प्राणवायू कमी असला की कंदील विझतो, म्हणून आकाराम तो घेऊन उतरे. ती काठावर थांबे.

एकदा खालून आवाज आला, "बाई, कंदील इझला तर काय करू?"

"लगेच वर या."

"आणि न्हाई इझला तर?"

"...तरी वर या."

खाली हसू घुमलं. ती वाकली.

"तुमचे आभार मानायचे राहिलेत. त्या दिवशी तुम्ही सही केली असती, तर मी आज इथं नसते."

"आभार नगं. आई तुमच्या घरी बोलायला जाती म्हनती... जाऊ द्यू?"

कृष्णेवरून वारा आला. तिनं केस मागं सारले.

"जाऊ द्या," ती म्हणाली.

शिडीला चोवीस पायऱ्या होत्या. एरवी वर यायला आकारामला चाळीस सेकंद लागत. त्या दिवशी एकोणीस लागले.