एकशे अडतीस सह्या

फराळाच्या रांगेत माझ्यापुढे एक क्लिपबोर्ड आला. पुढच्या काकूंनी सही केली, म्हणून मीही केली. मंडळाच्या रांगेत फिरणारा कागद कोणी वाचतं का? मला वाटलं, जेवणाची नोंदणी असेल.

"थँक यू," क्लिपबोर्ड परत घेणारा म्हणाला. उंच, चष्मा, झब्ब्यावर ब्लेझर.

"कूपन?" मी हात पुढे केला.

"कसलं कूपन?"

"फराळाचं!"

"ते... माझ्याकडे नाही." तो इतका ओशाळला, की स्वतःच्या ताटातली चकली माझ्या ताटात ठेवून निघून गेला. चकली बरी होती. त्याचं ओशाळणं, खरं सांगायचं तर, जास्त बरं होतं.

ही २००५ची, अमेरिकेतल्या नेपरव्हिलची दिवाळी. मंडळाच्या प्रतिमाकाकूंकडून मग सगळं कळलं. हा गुरुदत्त. दहाव्या वर्षी आईबाबांबरोबर इकडे आलेला, कॉलेजात राज्यशास्त्राचा प्राध्यापक. बारा वर्षं पोरांना निवडणुका शिकवल्या आणि आता इलिनॉयच्या विधानसभेला स्वतःच उभा राहत होता. "म्हणजे आपला आमदार गं, नेत्रा!" त्यासाठी त्याने विभागप्रमुखपद सोडलं होतं, बिनपगारी रजा घेतली होती. उमेदवारीला मतदारसंघातल्या पाचशे मतदारांच्या सह्या लागतात. त्याच्याकडे, आमच्या रांगेतल्या धरून, सहाशे सात होत्या.

डिसेंबरात ती नावं एक्सेलमध्ये भरायला काकूंनी मला त्यांच्या बेसमेंटमध्ये बसवलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधणं हाच माझा धंदा. तिसऱ्याच पानावर माझी सही सापडली.

"सर, मी एच-वन व्हिसावर आहे," मी शेजारी बसलेल्या गुरुदत्तला म्हटलं. "मला मत नाही."

त्याच्या हातातला चहा हातातच राहिला. "मग तुम्ही... सही केलीत?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

"सिटिझन आहात का, असं तोंडावर विचारणं... बरं दिसत नाही."

"अहो, आपल्याकडे नावाआधी ग्रीन कार्ड कुठवर आलं ते विचारतात!"

तो हसला. मग आम्ही मतदारयादी काढली आणि दोघांचंही हसू मावळलं. रांगेतल्या एकशे अडतीस जणांना मत नव्हतं. सगळे माझ्यासारखे, व्हिसावरचे.

"द्या तशाच," प्रचार सांभाळणारे अरुणकाका म्हणाले. "कोण तपासतंय? सोमवार शेवटचा दिवस. आज गुरुवार आहे, यार!"

गुरुदत्तने माझ्याकडे पाहिलं. "आणि पकडलं गेलं तर?"

"तुमची उमेदवारी जाईल. आणि खोटी सही केली म्हणून आमची ग्रीन कार्डं अडकली, तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" मला भीती वाटत होती.

त्याने पेन घेतलं आणि सगळ्यात आधी माझं नाव खोडलं. मग बाकीची. एकेक रेघ पट्टी लावून — प्राध्यापकच तो! काका "अरे, अरे" करत राहिले. उरल्या चारशे एकोणसत्तर. आणि मी... मी कामातून गेले.

शुक्रवारपासून आम्ही बर्फात दारोदार. बाई दार उघडायची आणि हा मतदानाच्या हक्काचा इतिहास सुरू करायचा.

"सर, लेक्चर नको. नाव सांगा, सही मागा."

"मग तू माग ना."

"मी 'तू' कधी झाले?"

त्याने मफलर नीट केला. "दोन घरांपूर्वी..."

रविवार संध्याकाळपर्यंत चौऱ्याहत्तर मिळाल्या. सोमवारी मी सुट्टी टाकली आणि ड्राइव्ह करत त्याला तीन तासांवर राजधानीत, स्प्रिंगफिल्डला नेलं. निवडणूक कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईने गठ्ठा घेतला, शिक्का मारला. झालं.

पुढे आक्षेप आले. आणखी तेवीस सह्या गेल्या, तरी निभावलं, आणि पुढच्या नोव्हेंबरात तो निवडूनही आला. पण त्या दुपारी पार्किंग लॉटमध्ये हे कोणाला माहीत होतं?

"पाचशे त्रेचाळीस," तो म्हणाला. "कदाचित पुरणार नाहीत."

"खोडल्याचा पस्तावा होतोय?"

"नाही." कान थंडीने लाल झालेले. "पण हरलो तर ना खुर्ची, ना पगार. अशा वेळी कोणी कोणाला असं विचारू नये, कळतं मला. तरी... नेत्रा, माझ्याशी लग्न—"

"हो."

"अगं, पूर्ण तरी ऐक!"

"गुरुवारी तू माझ्या नावावर रेघ मारलीस ना, तेव्हाच मी हो म्हटलं होतं. तुलाच विचारायला चार दिवस लागले."