पाव फेरा

चष्मेवाल्याची गाडी बंद पडली ती बरोबर नटीच्या गॅरेजसमोर. कुणी याला नशीब म्हणेल; नटी म्हणाली, ऑइल सील गेलंय. इंजिनाच्या पुढच्या पुलीमागून तेल झिरपत होतं, त्या तेलात भिजून फॅनचा पट्टा तुटला होता, आणि हे महाशय बॉनेट उघडून आत वाफेकडे बघत उभे होते… एखाद्या लहान मुलाला ताप आल्यासारखे.

आतून बाबांची हाक आली, "नटे, बघ गं कोण आलंय."

त्यानं भाबडेपणानं विचारलं, "तुम्ही नाटकात काम करता?"

"नाही, नट-बोल्टात." लहानपणी ती नटांची माळ करून गळ्यात घालायची, तेव्हापासूनचं हे नाव. तो असा काही लाजला, की नटीला हसू आवरेना. तिनं पान्यांच्या पेटीत डोकं खुपसलं आणि उगाच काहीतरी शोधत राहिली.

त्याचं चष्म्यांचं दुकान समोरच्याच गल्लीत. गाडी खोललेली असताना बघण्यासारखं काही नसतं, तरी तो रोज संध्याकाळी बघायला यायचा. एकदा बाबांच्या चष्म्याची सैल दांडी बसवून दिली, एकदा काहीच निमित्त सापडलं नाही तेव्हा वेळ विचारली, आणि त्याच्या मनगटावर घड्याळ आहे हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. नटीला तो आवडायला लागला होता. पण तिच्या डोक्यात तेव्हा दुसराच घोर होता.

बाबांचा खांदा निखळला होता. गॅरेज नटी एकटी ओढत होती, छान ओढत होती. पण शेजारचा मोठा गॅरेजवाला ही जागा घ्यायला टपलेला, आणि बाबा डळमळायला लागले होते. पोर सगळं करेल, ते म्हणायचे, पण पुलीचा बोल्ट आवळायला खांदा लागतो. जिथं शेजाऱ्याची हवेवर चालणारी गन मागावी लागते, ते गॅरेज आपलं कसलं? शेजारी त्या संध्याकाळी गन घेऊन येणार होता. बोल्टही आवळणार होता आणि व्यवहारही.

नवं सील बसलं, पुली बसली. राहिला तो बोल्ट. नटीनं ठरवलं, शेजारी यायच्या आत हा आपल्या हातानं बसलाच पाहिजे.

अडचण एकच. बोल्ट फिरवला की इंजिनही फिरतं. ते धरून ठेवायला गाडी टॉप गियरमध्ये टाकून कुणीतरी ब्रेकवर पाय रोवून बसावं लागतं. तेवढ्यात चष्मेवाला आलाच. तिनं त्याला आत बसवलं आणि बजावलं, मी 'झालं' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही.

आधी टॉर्क पान्यानं आवळला; ठरलेला जोर लागल्यावर पान्यानं 'कट्' आवाज केला, तिथवर सोपं होतं. मग तिनं बोल्टावर आणि पुलीवर मिळून खडूची एक रेघ मारली. आता खरं काम—तिथून पुढं पूर्ण पाव फेरा. लांब दांड्यात पाइप घातला आणि जीव खाऊन ओढला. बॉनेटपलीकडून आवाज आला, "सोडू?"

"हं…" नटी कण्हली.

त्यानं पाय उचलला. पुली गर्रकन फिरली, गाडी हलली आणि नटी धप्पकन खाली बसली.

"अहो, ते 'हं' जोर लावतानाचं होतं. होकाराचं नव्हतं."

"मला कसं कळणार? मध्ये एवढं बॉनेट आहे," तो कासावीस होऊन म्हणाला. "लागलं का?"

लागलं होतं, पण सांगते कोण? बोल्ट जागचा हलला नव्हता, आणि पलीकडे शेजाऱ्याचं शटर खाली येत होतं, म्हणजे तो निघालाच होता. दारात बाबा येऊन उभे राहिले होते.

नटी उठली. बाबा खांद्यानं ओढायचे म्हणून तीही ओढत होती; पण बाबांचा खांदा तिच्याकडे नव्हताच. वजन होतं, थोडकं का होईना. तिनं दांडा काढून आडवा बसवला, त्याहून लांब पाइप घातला, बंपरवर चढली आणि दोन्ही तळहातांवर सगळं अंग टाकलं. पाइप थरथरला. तेवढ्यात पलीकडून तो हळूच म्हणाला, "तुम्ही… तू मला आवडतेस. तोंडावर बोलायला जमत नाही, म्हणून बॉनेटला सांगतोय."

"हं…" नटी दातओठ खात म्हणाली, आणि बोल्ट हलला. सावकाश, कुरकुरत, नवऱ्याकडच्या रुसलेल्या पाहुण्यासारखा. बोल्टावरची रेघ पुलीवरच्या रेघेला सोडून निघाली आणि सरकत सरकत बरोबर काटकोनात जाऊन थांबली.

"झालं."

बाबांनी वाकून रेघ पाहिली, मग दुसऱ्यांदा पाहिली. डाव्या हातानं खिशातून फोन काढला आणि शेजाऱ्याला सांगितलं, गन आणू नकोस, आणि ती जागेची गोष्टही आता राहू दे. तेवढं बोलून ते आत गेले. डोळे पुसायला, असं नटीला वाटलं.

पट्टा चढला, काढलेला रेडिएटर परत बसला, पाणी भरलं. क्लिपा तो हातात देत होता, कानाच्या पाळ्या लाल करून. चावी फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. नटीनं बॉनेट धाडकन लावलं, आणि मध्ये काहीच उरलं नाही.

"मघाचं ते 'हं'…" तो चाचरत म्हणाला. "मी काही धरून चाललो नाहीये."

"नकोच धरूस. मी नीट सांगते," नटी म्हणाली. "मलाही तू आवडतोस. आता पलीकडे सरक, ट्रायल मला घ्यायची आहे."

तो सरकला. तिनं तेलकट हातांनी स्टिअरिंग धरलं, गाडी रस्त्यावर काढली आणि शेजाऱ्याच्या गॅरेजसमोर आल्यावर चांगला लांबलचक हॉर्न दिला.